उडी

भिंतीवरून उडी मारली तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो.
जमिनीला पाय लागले तेव्हा चौतिसावं सरत आलं होतं.
मधे एकच कट आहे.
पापणी लवली तर तुम्हाला कळणारही नाही.

पिक्चर चेतन हेडाऊचं. इतवारीत लग्नाचे व्हिडिओ काढतो.
दोनशे वर्षांपुढचे पोलीस मागे येतात
आणि गुन्हा व्हायच्या आधीच माणूस उचलतात, अशी स्टोरी.
मी बिल्ला नंबर सात.
एरवी महालात कूलर दुरुस्त करतो,
म्हणून कालयंत्रही माझ्याच गळ्यात पडलं:
तीन फुटी कूलरची बॉडी, वरून चांदीचा कागद,
आत मंडपातल्या लाइटच्या माळा.
वाळ्याच्या ताट्या काढायच्या राहून गेल्या.
आमच्या भविष्यकाळाला वाळ्याचा वास येतो.
पडद्यावर तो दिसत नाही. मला अजून येतो.

मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
अंगात काळ्या रेग्झिनचा युनिफॉर्म.
मोमिनपुऱ्यात शमीमचं सीट कव्हरचं दुकान,
शिवला त्यानेच, आणि फरार आरोपीही तोच.
‘पळ ना बे,’ चेतन ओरडला,
‘काळाच्या बाहेर पळून राह्यला तू, पान खायला नाही चालला!’
बंद गिरणीची भिंत. खाली चेतनच्या घरच्या दोन गाद्या.
थर्माकोल धरायला माणूस नव्हता,
तर माझा डबा घेऊन आलेल्या बाबांनाच उभं केलं उन्हात.
मी उडालो.
हवेत असतानाच पैसे संपले.

म्हणजे पडलो गादीवरच,
पण गादीची फुलं फ्रेममधे आली. तो शॉट बाद.
खालचा उद्या घेऊ, चेतन म्हणाला.
तो उद्या यायला तीन उन्हाळे लागले.

तेवढ्यात चेतनने दीडशे लग्नं काढली.
जिला आम्ही वाचवणार होतो ती धनश्री पराते
फ्रॉकच्या बाहेर वाढली, नववीत गेली.
रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब आले.
मार्चमधे बाबा गेले.

तेरवीनंतर आठ दिवसांनी फोन. पैसे जमले, ये.
माझं डोकं तुळतुळीत.
चेतन बघत राहिला, मग म्हणाला,
‘हेल्मेट घाल. दोनशे वर्षांनी कोणाले केस राह्यतात?’
पट्टा त्यानेच लावून दिला,
लावायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ.
शमीम म्हणाला, ‘मागे खांब दिसून राह्यले ना.’
‘दिसू दे. भविष्य फुकटात आलं.’

मी गुडघा टेकून उतरतो, टाल्कम पावडरची धूळ उडते,
शमीमची कॉलर धरतो
आणि म्हणायचं असतं:
झालेलं बदलत नाही. कायदा आहे.
तेरा टेक झाले. दर वेळी ‘कायदा’पाशी आवाज बसायचा.
चौदाव्याला, कॉलर माझ्या मुठीत असताना,
आरोपीच हळूच म्हणाला, पाणी पिऊन घे.

पिक्चर लागलं एकदाच,
वाठोड्याच्या एका लॉनवर, रिसेप्शनच्या पडद्यावर.
पोट्टे कालयंत्राला हसले.
‘कूलर आहे बे तो!’ कोणीतरी ओरडलं, आणि होताच.
उडीला मात्र शिट्ट्या पडल्या.

उडीच्या शॉटमधे डाव्या कडेला थर्माकोलचा कोपरा येतो,
आणि त्यावर चार बोटं, एकात पोवळ्याची अंगठी.
चेतनने विचारलं होतं, कापू का?
राहू दे, म्हटलं मी, कोण बघते.

आई पहिल्या रांगेत होती, प्लास्टिकच्या खुर्चीवर,
मांडीवर चिवड्याचा पुडा.
तिने माझी उडी बघितली नाही.
म्हणाली, ‘वाकडा धरून राह्यले हे.’